दहादा आवळा

माझं लग्न ठरलं तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि भलती रागीट होते. रागीट अजूनही आहे, पण आता गुडघ्यांमुळे पाय आपटता येत नाहीत. तेव्हा येत होते, आणि साक्षगंधाच्या दुसऱ्याच दिवशी मी ते घरभर आपटले. कारण माय म्हणाली होती की माझ्या कन्यादानाला ती बसणार नाही. काका-काकू बसतील.

आमचं गाव धनजच्या बाजूचं. त्या वेळी आमचा जिल्हा अकोला होता, आणि कारंजा म्हणजे आमच्या लेखी जगातलं सगळ्यात मोठं शहर. घराच्या अर्ध्या भागात आम्ही राहायचो, मधल्या भिंतीपलीकडे काका-काकू. काकू चांगली होती, माझ्यावर तिचा जीव होता. पण म्हणून माझं कन्यादान तिनं करावं? आई जिवंत असताना, धडधाकट असताना? गाव विचारणार होतं. माझी होणारी सासू तर नक्कीच विचारणार होती.

"काहून नाही बसत तू?" मी मायला विचारलं.

"मायाच्यानं एका जागी बसनं होत नाही."

"जेवाले बसतं, गाईच्या धारेले बसतं, आन् पोरीच्या लग्नात बसनं होत नाही?"

माय ज्वारी पाखडत होती, ती पाखडत राहिली. मी आठ दिवस तिच्याशी बोलले नाही. पाच लेकरांत मी थोरली, सगळ्यांना मी खेळवलेलं, आणि आता ही मला दुसऱ्याच्या हातानं देऊन टाकणार, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. तशी तीन-चार वर्षांपासून माय बदललीच होती. शिरपूरला मावशीकडे जायचं तर मोटारीत बसावं लागतं म्हणून गेली नाही. बारशाला गेली तर दारातूनच परत यायची. आणि एके काळी जिच्या नकलांनी बायांची हसून पुरेवाट व्हायची, ती आता कुणी हसवायला लागलं की उठून कामाला लागायची. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की मायला गर्व चढला आहे. सतराव्या वर्षी असे निकाल पटकन लागतात.

लग्नाचं लुगडं घ्यायला आम्ही दोघी कारंज्याला गेलो तेव्हा मी अजून तोंड फुगवूनच होते. आमचा कापडवाला ठरलेला, एक मुसलमान चाचा. दुकानाच्या मागेच त्यांचं घर, मध्ये पडदा. पडद्यातून चाची बायांना पाणी द्यायची, गप्पा मारायची. चाचा लुगड्यांवर लुगडी उलगडत होते आणि माय दर थोड्या वेळानं उठून आत जात होती. दोनदा गेली. तिसऱ्यांदा चाचा काही गमतीचं बोलले, मायला हसू आलं, आणि ती उठेपर्यंत उशीर झाला होता. गादीवरच्या पांढऱ्या चादरीवर ओला डाग पडला. मी तो पाहिला.

चाचांचं लक्ष वरच्या फळीकडे होतं. चाचीचं मात्र होतं खाली. ती पडद्याबाहेर आली, हातातला पाण्याचा तांब्या तिनं त्या चादरीवर सरळ उपडा केला आणि म्हणाली, "हाय अल्ला, देखो मेरे हात. बाई, तुमारा लुगडा भिगा दिया मैंने. चलो अंदर, सुखाते हैं." असं म्हणून तिनं मायला हाताला धरून आत नेलं. चाचा बायकोवर करवादले, चाचीनं ऐकून घेतलं. आयुष्यात मी पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली, पण इतक्या झटपट कुणाची अब्रू झाकणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही.

आत माय रडली. पाचव्या, शेवटच्या बाळंतपणापासून तिला लघवी धरवत नव्हती. हसलं, शिंकलं, ओझं उचललं की जायची. पाण्याचा आवाज आला तरी जायची. विहिरीवर रहाट वाजला की तिची धांदल. आणि कन्यादानात काय करायचं असतं, तर आईनं हातांवर पाण्याची धार धरायची आणि ती खालच्या परातीत पडताना ऐकत बसायचं.

"देवाच्या कामात असं झालं तं?" माय मला म्हणाली. "तुया लग्नाले माया हातानं विटाळ लागन. थ्याहून काकू बरी."

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. आठ दिवस मी हिच्याशी बोलले नव्हते.

चाची म्हणाली, "रोने का नै. सरकारी दवाखाने में नयी नर्सबाई आयी है. वो औरतों को कुछ सिखाती है, मेरी बेटी को भी सिखाया. आजच जाओ."

आम्ही तशाच गेलो. नर्सबाई पुण्याकडची होती, किडकिडीत, छातीवर घड्याळ टाचलेलं. "लग्न नाही झालं तुयं, आत येऊ नको," असं म्हणून मायनं मला बाहेरच्या बाकावर बसवलं. पंधरा मिनिटांनी ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता.

"औषध सापडलं," ती माझ्या कानाशी म्हणाली. "आवळा."

"कोनता आवळा?"

"झाडाचा आवळा, बह्याडे. दहादा सकाळी, दहादा दुपारी, दहादा निजताना."

"तीस आवळे? दिवसाले?"

"शिकेल बाई हाये थे. तिले समजत नाही का?"

मार्गशीर्ष लागलेला, झाडं आवळ्यांनी लगडलेली, सगळंच जुळून आलं होतं. मायनं दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली. मीठ लावून दहा, ठेचून दहा, आणि निजताना नुसतेच दहा, डोळे घट्ट मिटून. चौथ्या दिवशी तिचे दात असे आंबले की भाकरी पाण्यात भिजवून खाऊ लागली. आठवड्यानं तोंड आलं. बाबांनी विचारलं की शेताच्या धुऱ्यावरच्या झाडाचे आवळे कुठं गेले, तर मी म्हटलं, पाखरं खाऊन राह्यले. आणि गुण काय, तर आवळ्यानं पोट असं मोकळं झालं की आतापर्यंत नुसतं पुढच्या दाराचं दुखणं होतं, ते आता मागचं दारही वाजायला लागलं. वीस दिवस मायनं नेटानं काढले. एकविसाव्या दिवशी तिनं आवळ्यांची टोपली उकिरड्यावर रिकामी केली आणि म्हणाली, "चाल कारंज्याले. त्या बाईले विचारतो."

या वेळी मी आत गेलेच. माय उभ्यानंच सुरू झाली.

"तुया आवळ्यानं माये दात गेले, बाई. दहा-दहा खाल्ले. दिवसाले तीस."

"काय खाल्लं?" नर्सबाई म्हणाली.

"आवळे. तूच तं सांगतलं, दहादा सकाळी आवळा, दहादा दुपारी आवळा."

नर्सबाईनं तोंडाला पदर लावला आणि ती हसत हसत स्टुलावर बसली. "अहो, खायचा आवळा नाही हो," ती शेवटी डोळे पुसत म्हणाली. "आवळायला सांगितलं मी. आवळा, म्हणजे आवळून धरा. असं." आणि तिनं हाताची मूठ मिटून दाखवली.

आमची भाषा काही परकी नव्हती. आवळणं मायला ठाऊक होतं, गाठोड्याची गाठ ती रोज आवळायची. घोटाळा वेगळाच होता, आणि तो मला तिथं उभ्या उभ्या कळला. मी नर्सबाईला म्हटलं, "बाई, तुमी मायले 'आवळ' म्हणाले असते तर तिले समजलं असतं." मायला जन्मभर सगळे तूच म्हणत आले होते. आजी, बाबा, काका, आम्ही लेकरं, गावातली बारकी पोरंसुद्धा. तिच्या कानावर पडायचं ते आण, वाढ, उचल, सरक. आणा, वाढा, उचला असं कुणी तिला म्हटलंच नव्हतं. म्हणून नर्सबाईनं मान देऊन 'आवळा' म्हटलं, तेव्हा तो हुकूम असेल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. आवळा म्हणजे झाडाचंच फळ.

नर्सबाईचं हसू थांबलं. "मग मी तुम्हाला तू म्हणू का?" तिनं विचारलं.

मायनं थोडा विचार केला. "नाही," ती म्हणाली. "तुमीच म्हना. आयकाले बरं वाटते."

मग नर्सबाईनं पहिल्यापासून सांगितलं, आणि लग्न न झालेली मी तिथं बसून सगळं ऐकलं. "चारचौघांत बसलात आणि वारा सरतोय असं वाटलं, तर काय करता?"

माय लाजली. "धरतो."

"कशानं धरता?"

माय आणखी लाजली, पण तिला कळलं होतं. नर्सबाई म्हणाली, आवळायचं ते तेवढंच. मांड्या नाहीत, पोट नाही, श्वास कोंडायचा नाही, तोंड वाकडं करायचं नाही. आतून वर ओढून धरायचं, दहा आकडे मोजायचे, मग पुरतं सैल सोडायचं. बाळंतपणांनी ते स्नायू ढिले पडतात, कामाला लावले की घट्ट होतात. लघवीचं आणि शौचाचं, दोन्ही तेच सांभाळतात. "आणि पाणी पिता का पोटभर?" तिनं विचारलं. माय पाणी पीतच नव्हती, भीतीनं. त्यावर नर्सबाई चांगली रागावली. तीन महिने लागतील, मध्ये सोडायचं नाही, असं बजावून तिनं आम्हाला घालवलं. आता शहरात यासाठी वेगळे डॉक्टर असतात, फिजिओथेरपी म्हणतात. आम्हाला त्या नर्सबाईची मूठ पुरली.

पहिल्या दिवशी मायला तीन आकड्यांच्या वर धरवेना. मग तिनं स्वतःची रीत काढली. कापसाची वेचणी चालू होती. कमरेला ओटी बांधून ओळीनं वेचत जायचं, तर एका झाडाला आवळायचं, पुढच्या झाडाला सोडायचं. झाड लवकर संपलं तर दहा आकडे भरायचे नाहीत म्हणून ती एकेक बोंड निवांत वेचू लागली. शेजारच्या ओळीत काकू असायची.

"बाई, झाडासंगं बोलून राह्यली का तू?" काकूनं विचारलं.

"कापूस चांगला हाये औंदा," माय म्हणाली. तिचं मोजणं चुकलं आणि ते झाड तिला पुन्हा करावं लागलं.

मी तर तिची मास्तरीणच झाले. राग काढायला मला ही जागा चांगली सापडली. चुलीपुढं बसलेली असो की गोठ्यात, मी लांबून ओरडायची, "माय, आवळा." ती मान हलवायची. मी तिच्या तोंडाकडे बघायची, भुवया वर गेल्या की म्हणायची, "तोंड सोड." बाबांनी हे पंधरा दिवस ऐकलं. बिचाऱ्यांना वाटलं, बायकोला आवळ्यांचे डोहाळे लागावेत तसं काही झालंय. एका संध्याकाळी ते धोतराच्या सोग्यात दोन पायल्या आवळे घेऊन आले, कुणाच्या तरी मळ्यातून मागून. इतक्या वर्षांत बाबांनी मायसाठी असं काही आणलेलं मी पाहिलं नव्हतं. मायनं त्यांच्यासमोर बसून एक आवळा खाल्ला, आंबलेल्या दातांनी, आणि गोड आहे म्हणाली.

माघात मिरच्या भाजताना घरभर ठसक्याचा धूर उठला. मायला सात-आठ शिंका आल्या. ती चुलीपुढं तशीच बसून राहिली, स्वतःशीच काहीतरी चाचपत. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काहीच नाही झालं." मी तिला धरून गोल फिरवलं. मिरच्या करपल्या.

मग मी पाण्याची तालीम सुरू केली. दुपारी घरात कुणी नसलं की परात मांडायची, वरून तांब्यानं धार सोडायची, माय समोर पाटावर. पहिले काही दिवस अर्ध्या तांब्यात ती पळायची. मग एक तांब्या निभला, मग दोन. पण फाल्गुनात शिमग्याची सोंगं बघताना ती मनापासून हसली आणि फजिती झाली. घरी आल्यावर तिनं पाट भिंतीला टेकवून ठेवला. "काकूलेच बसू दे," ती म्हणाली. "हसन्याचं असं होते, तं रडन्याचं काय होईन? मी का रडल्याबिगर राहीन त्या वक्ताले?" आवळणं तिनं सोडलं नाही, चैत्रभर एकदाही फजिती झाली नाही, पण कन्यादानाचं नाव काढू देईना.

वैशाखात लग्न आलं. सकाळी माझ्या अंगाला हळद, डोक्याला मुंडावळ्या. काका नवं धोतर नेसून तयार, काकू पिवळं लुगडं नेसून पाटाजवळ उभी. चेहरा तिचा उतरलेला होता, मला वाटलं उपवासानं. भटजींनी हाक मारली. तेव्हा माय आतून आली. तीही पिवळं नेसली होती. कधी नेसली कोण जाणे.

"मी बसतो," ती म्हणाली.

बाबा गडबडीनं टोपी शोधायला लागले. काकू बाजूला झाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं आणि मला वाईट वाटलं, की ऐन वेळी आपण हिचा मान काढून घेतला.

भटजी तरुण होते, नवीन शिकून आलेले, एकही मंत्र गाळायला तयार नव्हते. परात ठेवली, हातावर हात ठेवले, मायच्या हातात झारी दिली. "धार तुटू द्यायची नाही हो, बाई," ते म्हणाले. मायला एक धार तुटू द्यायची नव्हती आणि दुसरी सुरू होऊ द्यायची नव्हती. पाणी पितळी परातीत वाजायला लागलं. माझ्या समोर माझा नवरा बसला होता, त्याच्याकडे माझं लक्षच नव्हतं. ते त्यानं पुढं वर्षभर बोलून दाखवलं. मी मायच्या तोंडाकडे बघत होते. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ओठ हलत होते. बायांना वाटलं, लेकीसाठी देवाचं नाव घेतेय. ती मोजत होती, आणि तोंड तिनं सोडलेलं होतं, भुवया जागच्या जागी. झारी एकदा भरून दिली, दुसऱ्यांदा भरून दिली. भटजींनी शेवटचं पाणी सोडायला सांगितलं आणि माय उठली. नवरीनं आईच्या पाटाकडे वळून बघणं रीतीत बसत नसेल, पण मी बघितलं. पाट कोरडा होता.

जेवणं झाल्यावर मी आतल्या खोलीत मायजवळ होते. पाठवणीला थोडा वेळ होता. तेवढ्यात काकू आली, तिनं दार लावून घेतलं आणि ती मायच्या गळ्यात पडून रडायला लागली.

"मायं चुकलं," माय म्हणाली. "तुले आधी सांगाले पायजे होतं. तुया मान होता."

"मान कशाचा, बाई," काकू म्हणाली. "मी तं साक्षगंधापासून देवाले म्हणून राह्यली, का मायावर येऊ देऊ नको. तू बसतो म्हणाली आन् माया जीव भांड्यात पडला." मग ती माझ्याकडे बघून थांबली. पण आता मीही लग्न झालेली होते, म्हणून ती पुढं बोलली. "पयल्या बाळंतपनापासून मागचं धरवत नाही मले. वारा नाही, काहीच नाही. तीन दिवस जेवली नाही मी आजच्यासाठी. नाही कसं म्हणू? तू काहून बसत नाही हे तू सांगेना, आन् मी काहून बसत नाही हे मले सांगता येईना."

अकरा वर्षं या दोघी एका भिंतीच्या दोन बाजूंना राहत होत्या. एकीचं ऐकून दुसरी चूल पेटवायची. एकीनं आपली फडकी दुसरीच्या डोळ्यांआड धुतली होती, आणि दुसरीनंही.

मायनं काकूला खाली बसवलं, स्वतः समोर बसली आणि डोळे पुसून सांगायला सुरुवात केली, अगदी पहिल्यापासून. बाहेर वाजंत्री लागली. वऱ्हाडी गाड्या जुंपून उभे होते, अंधार पडायच्या आत घरी पोचायचं होतं, माझा सासरा ओरडत होता. कुणीतरी दार ठोठावलं. मी आतून कडीला हात लावून उभी राहिले, शालू, मुंडावळ्या आणि सगळं अंगावर घेऊन.

"काय चाललं आत?" बाबांनी विचारलं.

"माय मले सोडाले तयार नाही," मी म्हटलं. "रडून राह्यली."

सगळ्यांना ते पटलं. बाहेरच्या चार बायांनी डोळ्यांना पदरही लावला. आत माय काकूला सांगत होती की श्वास कोंडू नको, मांड्या सैल सोड, आणि काकूच्या चेहऱ्याकडे बघता बघता ती मला पार विसरली होती. माझं लग्न झालं, मी आता जाणार, हे तिच्या ध्यानातच नव्हतं. तेवढी पाऊण घटका मी दार धरून उभी होते, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.